प्रोसेसरला नकार देता येत नाही

'सिस्टीम घेत नाही.' रेशन दुकान, आपले सरकार सेवा केंद्र, बँकेची खिडकी, तहसील कचेरी, कुठेही जा, हे वाक्य तयारच असतं. ते कानावर पडलं की माणूस गप्प होतो. तलाठ्याशी हुज्जत घालता येते, दुकानदाराला चार शब्द सुनावता येतात, अगदीच झालं तर साहेबांच्या टेबलापर्यंत धडक मारता येते. पण यंत्रानेच नाही म्हटल्यावर भांडायचं कुणाशी? जालना जिल्ह्यातलं शहागड घ्या. अंबड तालुक्यात गोदावरीच्या काठावर, धुळे-सोलापूर महामार्गाला लागून असलेलं हे गाव. पूल ओलांडला की बीड जिल्ह्यातला गेवराई तालुका. आसपास कापूस, ऊस, मोसंबी. इथल्या शेतकऱ्याला धान्यासाठी ई-पॉसवर अंगठा द्यावा लागतो, पीएम-किसानसाठी ई-केवायसी करावं लागतं, २०२१ पासून पिकाची नोंद स्वतः ई-पीक पाहणीच्या ॲपवर करावी लागते आणि एप्रिल २०२५ पासून शेतीच्या योजनांसाठी फार्मर आयडी लागतो. प्रत्येक ठिकाणी कुठे ना कुठे एक प्रोसेसर बसलेला आहे आणि अडलेल्या कामाचं खापर त्याच्या डोक्यावर फोडायची आपल्याला सवय लागली आहे. हे खापर चुकीच्या डोक्यावर फुटतंय. प्रोसेसर ज्या पद्धतीने चालतो ती पाहिली, तर नकार देणं ही गोष्ट त्याच्या कुवतीतच नाही, हे कळतं. नकार कुणीतरी आधी लिहून ठेवलेला असतो. त्या 'कुणीतरी'ला उत्तर द्यायला लावणं हा नागरिकाचा हक्क आहे आणि तो आपण विनाकारण सोडून देतो आहोत.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, असं आपण शाळेच्या पुस्तकापासून वाचत आलो. या उपमेने बराच घोळ घातला आहे. मेंदू म्हटलं की समज आली, मर्जी आली, कंटाळाही आला. प्रोसेसरमध्ये यातलं काही नाही. त्यात आहेत ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेच्या बारीक वाटा उघडणाऱ्या आणि बंद करणाऱ्या कळी. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या चाऱ्यांवर जशी दारं असतात, एक उघडं असेल तर पाणी पुढच्यापर्यंत पोचतं, दोन्ही उघडी असतील तरच शेवटच्या वावरात जातं, तशी ही रचना; फरक एवढाच, की इथे एका दारातून गेलेली वीजच पुढचं दार उघडते किंवा लावते. अशा दोन-चार दारांच्या जोडणीतून 'दोन्ही असतील तर', 'दोन्हींपैकी एक असेल तर', 'नसेल तर' एवढ्या तीन गोष्टी साधतात. त्यांच्या जोडण्या वाढवत नेल्या की एक आणि शून्य यांची बेरीज करणारं मंडल तयार होतं. बेरीज जमली की वजाबाकी जमते, वजाबाकी जमली की तुलना जमते. १९७१ मध्ये इंटेलने बाजारात आणलेल्या ४००४ या पहिल्या मायक्रोप्रोसेसरात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि तो एका जपानी कंपनीच्या गणनयंत्रासाठी बनवला होता. २०२० मध्ये आलेल्या ॲपलच्या एम-वन चिपमध्ये ते १,६०० कोटी झाले. संख्या लाखो पटींनी वाढली, कामाची जात तीच राहिली.

हे काम चालतं एका ठोक्यावर. प्रोसेसरला घड्याळ लागतं आणि आजच्या संगणकात ते सेकंदाला तीनशे कोटी ठोके देऊ शकतं. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम दहा सेंटिमीटर जातो, वीतभरही नाही. या ठोक्यांच्या तालावर प्रोसेसर एकच रहाटगाडगं फिरवतो: स्मृतीतून पुढचा आदेश उचल, तो कशाचा आहे ते पाहा, तो पार पाड, पुढच्या आदेशाकडे वळ. पुढचा आदेश कुठे ठेवला आहे हे सांगणारा एक आकडा त्याच्याजवळ सतत असतो. हाताशी मोजक्या जागा असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. गणित करायचं ते तिथल्या आकड्यांवर. आदेशही थोडेच असतात. आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचा 'वेगा' हे देशी प्रोसेसर ज्या रिस्क-फाइव्ह पद्धतीवर बेतले आहेत, तिचा ३२ बिटांचा मूळ संच अवघ्या ४० आदेशांचा आहे. हा आकडा आण, तो तिकडे ठेव, बेरीज कर, वजाबाकी कर, बिटं सरकव, दोन आकडे सारखे असतील तर अमुक ठिकाणी उडी मार. अंगठ्याची तपासणी, पीकविम्याचा अर्ज, बँकेचं व्याज, सगळं शेवटी यांतच उतरतं. या चाळिसांत 'नाकार' असा आदेश नाही. जाणकार इथे बोट ठेवतील, की ओळखता न येणारा आदेश आला किंवा स्मृतीत मनाई असलेल्या जागी हात घातला, तर प्रोसेसर हातातलं काम सोडून देतो. खरं आहे. पण तेव्हाही तो जातो कुठे? आधीच नेमून दिलेल्या जागी, आधीच लिहून ठेवलेला आदेश उचलायला.

आपल्याकडे हे यंत्र काही काल-परवा आलेलं नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली संगणकाचं चाचणी यंत्र १९५६ मध्ये चालू झालं, पूर्ण यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झालं आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं 'टिफ्रॅक' असं नामकरण केलं. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि स्मृती होती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, जी आज मोबाईलमधल्या एका साध्या फोटोलाही पुरणार नाही. त्या खोलीभर यंत्रापुढे बसणाऱ्या माणसाच्या मनात मात्र एका गोष्टीबद्दल शंका नसे. उत्तर चुकलं तर एक तर आपण लिहिलेले आदेश चुकले किंवा एखादी नळी गेली. दोन्ही शोधून काढता येत होतं आणि शोधणारा माणूस कोण हेही ठरलेलं होतं. यंत्र लहान होत होत डोळ्यांआड गेलं आणि त्याच्याबरोबर ही जाणीवही गेली.

आता शहागडच्या नावाचंच पाहू. संगणकाला अक्षर दिसत नाही, त्याला अक्षराचा क्रमांक दिसतो. युनिकोडमध्ये श म्हणजे २३५८, ह म्हणजे २३६१, काना २३६६, ग २३२७ आणि ड २३३७. एका कागदावरून टंकलेखन करताना कुणी ड ऐवजी ढ दाबला तर शेवटचा आकडा २३३८ होतो. दोन नावं जुळतात का हे बघताना प्रोसेसर एकातून दुसरा वजा करतो. पहिल्या चार अक्षरांची वजाबाकी शून्य येते, पाचव्याची येत नाही. शून्य नसेल तर अमुक ठिकाणी उडी मार, असा पुढचा आदेश असतो. प्रोसेसर उडी मारतो आणि त्या ठिकाणी 'माहिती जुळत नाही' असं लाल अक्षरांत दाखवायचा आदेश ठेवलेला असतो. गाव तेच, पिन कोड तोच, गट नंबर तोच, हे शेजारच्या शाळकरी पोरालाही कळेल. प्रोसेसरला कळण्याचा प्रश्न येत नाही, कारण त्याला कुणी कळवलेलंच नाही. मराठीत तर याहून बिकट प्रकार होतो. 'कुऱ्हाडे' या आडनावातला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो: एकीकडे त्यासाठीचं वेगळं अक्षर वापरून आणि दुसरीकडे साध्या र ला हलंत व न दिसणारं एक जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. कागदावर छापले तरी सारखेच. आतल्या क्रमांकांची मांडणी मात्र निराळी आणि लांबीही निराळी. म्हणजे सातबाऱ्यावर एका पद्धतीचा कुऱ्हाडे आणि अर्जात दुसऱ्या पद्धतीचा कुऱ्हाडे असेल, तर डोळे फाडून पाहिलं तरी फरक सापडायचा नाही आणि यंत्र म्हणणार, माणसं वेगळी. दोन्ही मांडण्या एकच समजा, असे चार ओळींचे आदेश लिहून हा घोळ मिटवता येतो. ते लिहिले गेले की नाही, हा प्रश्न आज्ञावली लिहिणाऱ्या कंपनीचा आणि ती तपासून घेणाऱ्या खात्याचा. २०१७च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत शेतकऱ्यांनी ऑनलाइन भरलेली माहिती आणि बँकांनी दिलेली माहिती जुळेना म्हणून याद्या रखडल्या, तेव्हाही सगळ्या चर्चेत 'संगणकीय गोंधळ' हाच शब्द फिरत होता. गोंधळ नियोजनाचा होता.

अक्षरांचं झालं, आकड्यांचंही तेच. सप्टेंबर २०२५ मध्ये जायकवाडीचे दरवाजे उघडून प्रचंड विसर्ग करावा लागला आणि गोदाकाठची पिकं पाण्याखाली गेली. अशा वेळी मदत कुणाला मिळणार, हे काही अटींवर ठरतं. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर मदत. संगणकाच्या दृष्टीने या दोन तुलना आहेत, दोन उड्या आहेत. पण हा ३३ आकडा आला कुठून? एप्रिल २०१५ पर्यंत तो ५० होता. केंद्र सरकारने तो खाली आणला आणि ४० टक्के नुकसान झालेला शेतकरी एका निर्णयाने अपात्राचा पात्र झाला. त्या दिवशी एकाही संगणकाचा प्रोसेसर बदलला नाही. स्मृतीतल्या एका जागी ५० होते, तिथे ३३ ठेवले गेले. ई-पॉसवरच्या अंगठ्याचंही असंच आहे. उसाच्या फडात कोयता आणि पाचट हाताळून ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्याचा ठसा नोंदणीच्या वेळच्या ठशाशी तंतोतंत कधीच जुळत नाही. तसा तो कुणाचाच जुळत नाही. जुळणी किती झाली याचे गुण काढले जातात आणि ठरावीक गुणांच्या वर असेल तर होकार येतो. ती रेघ वर ओढली तर तोतया अडकतात, पण खरी माणसंही जास्त अडकतात. खाली ओढली तर उलट. कोणती चूक जास्त सोसायची, हा निखळ धोरणाचा प्रश्न आहे आणि तो माणसांनी बैठकीत बसून सोडवलेला असतो. दुकानासमोर उभ्या असलेल्या म्हातारीला मात्र सांगितलं जातं, मशीन तुमचा अंगठा घेत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की यंत्रं खरोखरच चुकतात, मग प्रोसेसरला एवढं निर्दोष का ठरवता? चुकतात, यात वाद नाही. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये भागाकाराची चूक सापडली. अमेरिकेतल्या एका गणिताच्या प्राध्यापकाला, थॉमस नाइसली यांना, ती मूळसंख्यांवर काम करताना दिसली. प्रोसेसरच्या आत भागाकारासाठी एक तक्ता कोरलेला होता आणि त्यातल्या काही नोंदी राहून गेल्या होत्या. चिपा बदलून देण्यापायी कंपनीने सुमारे साडेसत्तेचाळीस कोटी डॉलरचा तोटा सोसला. नोंदी राहून गेल्या त्या अभियंत्यांच्या हातून. २००३ मध्ये बेल्जियममधल्या स्कारबेक या नगरात मतमोजणीत एका उमेदवाराला ४,०९६ मतं जादा पडलेली दिसली. हा आकडा म्हणजे दोनाचा बारावा घात. स्मृतीतलं एकच बिट शून्याचं एक झालं तर नेमका एवढा फरक पडतो. अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांकडे बोट दाखवलं गेलं, सिद्ध काही करता आलं नाही. पण चूक पकडली कशी गेली? त्या उमेदवाराला एवढी मतं मिळणंच शक्य नव्हतं, हे माणसांनी ओळखलं आणि फेरमोजणी केली. तिसरं उदाहरण जास्त बोलकं आहे. फेब्रुवारी १९९१ मध्ये आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धाहरान इथे पॅट्रियट यंत्रणेला येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवता आलं नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मारले गेले. त्या यंत्रणेचा संगणक सेकंदाचे दहावे भाग मोजत होता. एक दशांश हा अपूर्णांक एक-शून्याच्या भाषेत कधी संपतच नाही, तो २४ बिटांवर कापलेला होता. एका मोजणीत फरक नगण्य. पण यंत्रणा सलग शंभर तास चालू ठेवल्यावर घड्याळ सेकंदाच्या एक-तृतीयांश भागाने चुकलं आणि तेवढ्या वेळात स्कड अर्धा किलोमीटरहून जास्त अंतर कापतं. प्रोसेसरने प्रत्येक बेरीज सांगितल्याबरहुकूम केली होती. दोष माहीत झालेला होता, दुरुस्त आज्ञावली तयार होती, ती धाहरानला पोचली दुसऱ्या दिवशी. म्हणजे यंत्र चुकतं असं म्हणून आपण थांबतो तिथून खरी चौकशी सुरू व्हायला हवी.

ती न झाल्यास काय होतं, याचा धडा ब्रिटनने फार मोठी किंमत देऊन घेतला. तिथल्या टपाल खात्याने १९९९ पासून शाखांमध्ये फुजित्सू कंपनीची 'होरायझन' नावाची हिशेब प्रणाली बसवली. पडद्यावर तूट दिसू लागली. शाखा चालवणारे सांगत होते, आम्ही पैसे घेतले नाहीत. खातं म्हणत होतं, संगणक दाखवतोय ना. ९०० हून अधिक लोकांना चोरी आणि खोट्या हिशेबाबद्दल शिक्षा झाल्या. काही तुरुंगात गेले, कित्येकांचं दिवाळं निघालं, काहींनी जीव दिला. यात कायद्याचाही हात होता. संगणकाच्या नोंदीवर विसंबायचं तर तो नीट चालत होता हे आधी दाखवा, अशी १९८४च्या तिथल्या कायद्यात अट होती. ती १९९९ मध्ये काढली गेली आणि उलट सिद्ध होईपर्यंत संगणक बरोबरच, असं गृहीत धरलं जाऊ लागलं. उलट सिद्ध कोण करणार? गावातला टपालवाला? २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष असल्याचं मान्य केलं आणि २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. वीस-पंचवीस वर्षं एका देशातली शिकलीसवरलेली न्यायव्यवस्था 'सिस्टीम दाखवतेय' एवढ्या एका वाक्यापुढे मान तुकवून होती. आपल्याकडे तेच वाक्य रोज खिडकीवर म्हटलं जातं. इथे कुणी तुरुंगात जात नाही, फक्त हप्ता येत नाही, धान्य मिळत नाही, विमा बुडतो. म्हणून त्याची बातमी होत नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे आणि त्याला उडवून लावणं अप्रामाणिकपणाचं होईल. यंत्र चिरीमिरी मागत नाही, जात विचारत नाही, 'उद्या या' म्हणत नाही. खात्यात थेट पैसे येऊ लागल्यापासून मधली खाबूगिरी आटली, मेलेल्या माणसांच्या नावावरचं धान्य बंद झालं. पुन्हा माणसाच्या हाती निर्णय दिला तर दलाल परत येतील, असं म्हणणाऱ्यांची भीती खोटी नाही. पण इथे मागणी तलाठ्याच्या हाती लहर परत देण्याची नाहीच. लहर संपली असं आपण समजतो, ती फक्त जागा बदलून बसली आहे. पूर्वी ती गावच्या चावडीत होती, आता ती मुंबई-पुण्यातल्या त्या टेबलावर आहे जिथे योजनेची आज्ञावली कशी चालावी याच्या अटी लिहिल्या जातात. चावडीतला माणूस निदान दिसत तरी होता. नाव एका अक्षराने चुकलं तर अर्ज बाद करायचा की माणसाकडे तपासायला पाठवायचा, अंगठा तीनदा चुकला तर ओटीपी मागायचा, डोळा तपासायचा की परत पाठवायचं, या अटी कुणीतरी मनाने ठरवतो. शासन निर्णयात त्या बहुतेक वेळा नसतात. शासन निर्णय वाचायला मिळतो, आज्ञावलीतला नियम वाचायला मिळत नाही. आणि प्रोसेसर शासन निर्णय वाचत नाही, तो आज्ञावली वाचतो. व्यवहारात कायदा कोणता चालला मग? आणि दलालांचं म्हणाल तर ते गेलेले नाहीत. अर्ज का अडला हे लाभार्थ्याला कळत नाही, ते कळवण्याचे पैसे घेणारा नवा मध्यस्थ उभा राहतो. कारण छापील मिळालं तर त्याचा धंदा बसेल.

खिडकीवरचा ऑपरेटर बिचारा काय करणार, त्याला तरी कुठे कळतं, असा तिसरा मुद्दा असतो. बरोबर. त्याच्या हातात कळफलक आहे, आज्ञावली नाही, त्यामुळे त्याच्यावर ओरडण्यात काही हशील नाही. पण उत्तर देण्याची सोय वरून करून देता येते आणि त्यासाठी नवा कायदा आणायची गरज नाही. २००५च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातलं कलम ४(१)(ड) सांगतं, की प्रशासकीय निर्णयाची कारणं ज्याच्यावर परिणाम होतो त्याला कळवली पाहिजेत. २०१५च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमानुसार अधिसूचित सेवा नाकारायची तर पदनिर्देशित अधिकाऱ्याने लेखी कारण द्यायचं असतं, त्यावर पहिलं अपील आहे, दुसरं अपील आहे, आयोग आहे. 'सिस्टीम घेत नाही' या वाक्याची गंमत अशी, की त्यात नकार दिलाच जात नाही. अर्जच दाखल होत नाही, म्हणून पोच नाही. पोच नाही म्हणून मुदत सुरू होत नाही. मुदत नाही म्हणून अपील नाही. कायद्याच्या दाराशी यायच्या आधीच माणूस परतवला जातो. न्यायालयात याच्या नेमकं उलट घडतं. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे संगणकीय नोंद पुरावा म्हणून मांडायची तर ती ज्या यंत्रातून आली त्याबद्दल जबाबदार व्यक्तीचं आणि तज्ज्ञाचं सही केलेलं प्रमाणपत्र जोडावं लागतं. न्यायाधीशापुढे संगणकाच्या शब्दामागे दोन माणसं उभी राहावी लागतात आणि शहागडच्या शेतकऱ्यापुढे एकही नाही, हे कुठल्या तर्कात बसतं?

करायचं काय ते अवघड नाही, आणि हे प्रोसेसरच्या कामाची रीत माहीत असली की लगेच पटतं. प्रोसेसर ज्या उडीवरून नकाराच्या बाजूला गेला ती उडी नेमकी कोणती, हे त्याला नोंदवायला सांगता येतं; तो आणखी एक आदेश, बस. म्हणून प्रत्येक अडलेल्या अर्जाला क्रमांक पडलाच पाहिजे, मग तो स्वीकारलेला असो वा नसो. पावतीवर कोणत्या दोन नोंदी जुळल्या नाहीत, त्या जशाच्या तशा, शेजारी शेजारी छापल्या पाहिजेत. कोणत्या नियमाने अडवलं त्याचा क्रमांक, तो नियम ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचं पद आणि अपील कुणाकडे, हे मराठीत आलं पाहिजे. 'एरर' आणि पुढे तीन आकडे असं नव्हे. अंगठा न जुळणाऱ्यासाठी दुसरी वाट कागदावर असते, ती दुकानाच्या फलकावर लिहिलेली असली पाहिजे. याला वेळ लागेल, खर्च येईल, सर्व्हरवर ताण येईल, असं सांगितलं जाईल. सेकंदाला अब्जावधी आदेश पार पाडणाऱ्या यंत्राला चार ओळी जास्त छापायला लावल्याने ताण येतो, हे कारण ज्याला पटेल त्याने खुशाल पटवून घ्यावं.

शेवटचा आक्षेप नव्या काळाचा आहे. म्हणतात, हे नियमांवर चालणाऱ्या जुन्या आज्ञावल्यांचं झालं. आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली, तिच्यात नियम कुणी लिहीतच नाही, यंत्र स्वतः शिकतं, तिथे जबाबदार कुणाला धरणार? राज्याने जून २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं आहे आणि त्यासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद ठरली आहे, तेव्हा हा प्रश्न गावात पोचायला फार दिवस लागणार नाहीत. पण या बुद्धिमत्तेच्या तळाशी जाऊन पाहिलं तर तिथेही गुणाकार आणि बेरजाच चालू असतात, फक्त अफाट संख्येने. शेवटी एक गुण बाहेर पडतो, समजा उपग्रहाच्या छायाचित्रावरून या गटात कपाशी असण्याची शक्यता ७१ टक्के. ७० ला होकार द्यायचा की ७५ ला, हे शिकलेलं यंत्र सांगत नाही. कोणत्या जिल्ह्यांची छायाचित्रं दाखवून त्याला शिकवलं, त्यात गोदाकाठची काळी जमीन किती होती, मोसंबीच्या बागेत आंतरपीक घेतलेलं रान त्याने कधी पाहिलं होतं का, हेही माणसांनीच ठरवलेलं असतं. नियम लिहिलेला नसेल तर लेखी कारण देणं अवघड होतं हे खरं. पण म्हणून कारण देण्याची अट सैल करायची की कारण देता न येणारी पद्धत हक्काच्या पैशांसाठी वापरायचीच नाही, यातला निर्णय खरेदीचा करार होण्याआधी घ्यावा लागतो. निविदेच्या अटींमध्ये ते एक कलम आज घालता येईल. पाचशे कोटींची कामं वाटून झाल्यावर ते घालायला गेलं, तर कंत्राटदाराकडून उत्तर येईल, की आमची सिस्टीम तसं करू देत नाही.